गाडीत पाणी येतंय, काचेवर वाफ धरतेय? गळती नेमकी कुठली, ते असं शोधा

गुंजी (ता. खानापूर) : मिरग निघाला की गुंजी, लोंढा, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातल्या गाड्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली, समोरची काच आतून धुरकट होते आणि पुढचं काही दिसत नाही. दुसरी, पायाखालची मॅट ओली लागते, गाडीत कुबट वास येतो, पण पाणी कुठून आलं ते कळत नाही. बहुतेक लोक दोन्हींकडे वेगवेगळ्या तक्रारी म्हणून बघतात. काचेसाठी फडकं आणि वासासाठी अत्तराची डबी, एवढ्यावर पावसाळा काढतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा दुखणं एकच असतं.

अनमोड किंवा चोर्ल्याच्या वळणावर, समोरून मालट्रक येत असताना काच एकदम पांढरी झाली तर काय होतं, हे या रस्त्यांवरून गोव्याला ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको. एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं काच पुसणं हा घाटातला सगळ्यात वाईट प्रकार. म्हणून आधी काचेचं बघू, मग गळतीचं.

वाफ आतून की बाहेरून?

काचेवर बोट फिरवून बघा. आतून रेघ उठली तर वाफ आतली. वायपर मारल्यावर साफ झाली तर बाहेरची. दोन्हींचे उपाय उलट आहेत, त्यामुळे हे आधी ठरवायचं.

हवेत पाण्याची वाफ किती मावते हे तापमानावर असतं. ३० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम, २० अंशाला १७ ग्रॅम आणि १० अंशाला फक्त ९ ग्रॅमच्या आसपास. हवा थंड काचेला टेकली की जास्तीची वाफ पाणी होऊन काचेवर बसते. पावसात काच बाहेरून भिजून गार झालेली असते आणि आत चार माणसं श्वास सोडत असतात. छोट्या गाडीच्या आत सुमारे तीन घनमीटर हवा धरली तर २० अंशाला तिच्यात जेमतेम ५० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे कटिंग चहाएवढंसुद्धा पाणी नाही. एका मोठ्या माणसाच्या श्वासातूनच तासाला १५ ते २० ग्रॅम पाणी बाहेर पडतं. चौघांचं धरलं तर तासाभरात गाडीतली हवा पुरून उरेल इतकं. त्यात ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाची पादत्राणं आणि मागं ठेवलेली भाजीची ओली पोती.

आतली वाफ घालवायची तर एसी चालू करायचा. इथंच बहुतेकांची गफलत होते. बाहेर गारठा आहे म्हणून एसी बंद ठेवतात, काचा बंद करतात आणि ब्लोअर आतलीच हवा फिरवण्यावर ठेवतात. मग काच धुरकटणारच. एसीचं काम नुसतं गार करणं नाही, तो हवा कोरडी करतो. त्याच्या थंड जाळीवर हवेतलं पाणी धरतं आणि पाइपमधून खाली गळून जातं. तेव्हा एसी चालू, तापमानाचा खटका लालकडे वळवलेला, हवा समोरच्या काचेवर, ब्लोअर जोरात आणि बाहेरची हवा आत घेणारा मोड, अशी जुळणी करायची. कोरडी आणि कोमट हवा काचेवर लागली की मिनिट-दोन मिनिटांत काच मोकळी होते. काचेवरची वाफ घालवायचं वेगळं बटण असेल तर बऱ्याच गाड्यांत ते दाबल्यावर एसी आणि बाहेरची हवा आपोआप चालू होतात.

आता कुणी म्हणेल, बाहेरची हवा तर पावसानं भिजलेली, ती आत घेऊन काय उपयोग? शंका रास्त आहे. एसी नीट चालत असेल तर आतली हवा फिरवूनसुद्धा काच साफ राहते. पण चढावर एसी बंद केला किंवा कॉम्प्रेसर थांबला की त्याच बंद हवेत चौघांचा श्वास साठतो आणि काच क्षणात भरून येते. म्हणून घाटात बाहेरची हवाच बरी. एसी नसलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीत दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली ठेवून हीटरची हवा काचेवर सोडायची. थोडा पाऊस आत येईल, तो परवडला.

बाहेरून धरणारी वाफ वेगळी. चोर्ल्याच्या माथ्यावरून गाडी केरी-साखळीकडे उतरते, तेव्हा वरच्या गारठ्यानं आणि एसीनं थंड झालेली काच खालच्या उबदार, दमट हवेत जाते आणि बाहेरून पांढरी होते. गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवल्यावर त्याला पाणी सुटतं, तसंच हे. इथं काचेवरचा थंड झोत बंद करून एसीचं तापमान वाढवायचं आणि वायपर मारायचा. एसी आणखी वाढवला तर आणखी धुरकटेल.

काच आतून मळलेली असेल तर वाफ लवकर धरते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात निघणारा चिकट थर, विडी-सिगारेटचा धूर आणि सारखं हातानं पुसणं यामुळे काचेवर मेणचट पापुद्रा चढतो. काच साफ करायच्या पाण्यानं आतून पुसून कोरड्या फडक्यानं घासली की निम्मा त्रास जातो. बटाटा चोळणं, शाम्पू लावणं असे उपाय एखादा दिवस चालतात. पण त्यांचा थर रात्री समोरच्या दिव्यांत चकाकतो, त्यामुळे घाटात रात्री जाणाऱ्यांनी त्यांच्या नादाला लागू नये.

एवढं करूनही सकाळी उभी गाडी उघडली की सगळ्या काचा आतून घामेजलेल्या असतील, तर गाडीत पाणी साठलंय असं समजा. रात्रभर आत कुणी बसून श्वास सोडलेला नाही, तरी वाफ आली कुठून? कार्पेटखालच्या जाड स्पंजमधून. तो दोन-तीन लिटर पाणी सहज पिऊन बसतो आणि वरून कार्पेट कोरडं लागतं. मॅट उचलून, अंगातला जोर लावून मुठीनं कार्पेट दाबा आणि वर कागदी रुमाल ठेवून बघा. ओला झाला तर गळती आहे.

गळती शोधताना आधी तीन प्रश्न

खानापूर तालुक्यात कौलारू घरांत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कौल फुटलेलं असतं एकीकडे, पाणी वाशावरून घरंगळत जातं आणि टपकतं भलतीकडेच. गाडीचंही तसंच आहे. जिथं ओलं तिथं भोक, असं धरून चाललं की फुकटचा खर्च होतो. डावीकडे पुढं पायाशी ओल म्हणून दाराचं रबर बदलायचं आणि पाणी मात्र वायपरखालून येत असायचं, असं होतं.

म्हणून गॅरेजला जायच्या आधी मालकानं स्वतःला विचारायचं : पाणी कुठल्या कोपऱ्यात आहे, कधी येतं आणि कसलं आहे? पाऊस नसताना, नुसता एसी लावल्यावर येतं का? उभ्या गाडीत येतं की चालत्या? तोंड चढाकडे करून लावली तर येतं आणि उताराकडे केलं तर येत नाही, असं आहे का? पाणी स्वच्छ आहे, मातकट आहे, की बोटाला चिकट लागतं? या उत्तरांत निम्मं निदान होतं.

कडक उन्हातही डावीकडे पुढच्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल, वळणावर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल आणि एसी चालू असूनही गाडीखाली पाणी टपकत नसेल, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. दमट दिवसात दहा-पंधरा मिनिटं एसी लावून थांबलं की गाडीखाली छोटं डबकं व्हायला पाहिजे. ते झालं नाही तर पाणी आत जातंय. हा बोटाएवढा रबरी पाइप इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून खाली निघतो. चिखल, धूळ, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर त्यात बसतं. मेस्त्री गाडी वर घेऊन कमी दाबाच्या हवेनं तो पाच मिनिटांत मोकळा करतो. घरी तार घालून खुपसू नये, आतली जाळी फुटली तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

पाणी पाऊस पडल्यावरच येत असेल तर आधी वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी बघा. काचेवरून उतरलेलं सगळं पाणी तिच्याखालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांमागं खाली जातं. फणस, आंबा, जांभूळ यांच्या सावलीला गाडी लावायची आपल्याकडची सवय. पानं, मोहर, काटक्या त्या पन्हाळीत कुजतात आणि भोकं बुजतात. पाणी चढत चढत ब्लोअरच्या तोंडातून आत शिरतं. ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर ओला किंवा मातकट निघाला तर खूण पक्की. हातानं पाला काढा आणि मगभर पाणी हळूहळू ओता. ते दोन्ही चाकांमागून पडलं पाहिजे. या भागात पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा एवढं केलं तरी पुष्कळ. घरावरची कौलं शाकारतो, तसं हेही वर्षाचं काम धरायचं.

दारांचं प्रकरण लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असतं. दाराच्या काचेच्या रबरातून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणं, हे गाडीच्या रचनेतच धरलेलं आहे. ते दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. पाणी आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅनलमागं प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीनं डकवलेला असतो. स्पीकर बदलताना किंवा पॉवर विंडोची मोटर दुरुस्त करताना हा पडदा फाडतात आणि पुन्हा नीट चिकटवत नाहीत. मग पाणी पॅनलच्या खालच्या कडेतून उंबरठ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. म्यूझिक सिस्टीम बसवल्यानंतरच्या पहिल्याच पावसात गाडी ओली झाली असेल, तर आधी संशय इथं घ्यावा. दार उघडताना पोटात पाणी हेलकावत असेल तर तळाची भोकं चिखलानं बुजली आहेत, ती बोथट काडीनं उघडायची.

दाराभोवतीचं रबर तपासायला गॅरेज लागत नाही. जुन्या वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज सुटून आली तर तिथं रबर बसलंय किंवा दार सैल झालंय. बिजागरी लोंबलेलं दार असेल तर नवं रबर लावूनही पाणी थांबत नाही.

समोरची काच कधी बदलली असेल तर तेही मेस्त्रीला सांगावं. महामार्गावर ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्यानं काच फुटणं नेहमीचंच. नवी काच पॉलियुरेथेनच्या चिकट पट्टीवर बसवतात. खालचा पत्रा गंजलेला असला, घाईत पट्टी तुटक पडली किंवा ती सुकायच्या आत गाडी खड्ड्यांतून पळवली, तर फट राहते. पाणी काचेच्या कडेच्या खांबाच्या आतून उतरतं आणि डॅशबोर्डच्या टोकाला किंवा फ्यूजच्या डब्यावर पडतं. अशा वेळी वरून सिलिकॉनची नळी पिळणं हा उपाय नाही. पाणी फटीच्या मागं अडकून पत्रा गंजतो आणि पुढं खरी पट्टी लावायची तर ती सिलिकॉनवर धरत नाही. काच काढून पुन्हा बसवणं हाच उपाय.

सनरूफच्या गाड्या आता खेड्यांतही आल्या आहेत. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवतं हा गैरसमज आहे. खाली पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात. नळी तुंबली की छताचं कापड ओलं होतं, किंवा नळी आत सुटली असेल तर थेट पायाशी पाणी. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात वाटीभर पाणी सोडायचं आणि गाडीखाली कुठून पडतं ते बघायचं. जो कोपरा पाणी धरून ठेवेल तो तुंबलेला.

मागची बाजू कुणी बघतच नाही. डिकीत स्टेपनी काढली की खड्ड्यात तळं निघतं. मागच्या दिव्यांची रबरं, डिकीच्या दाराचं रबर, मागं कधी ठोकर बसून पत्रा सरळ केला असेल तर तिथला जोड, छतावर कॅरियर बसवताना पाडलेली भोकं, अॅन्टेनाचा बूड. पाणी छतावरून उतरून बरोबर स्टेपनीत जमतं. जास्तीचे दिवे किंवा हॉर्न बसवताना वायर आत घ्यायला पुढच्या पत्र्याला पाडलेलं भोक आणि त्यात न बसवलेलं रबर, हेही विसरू नका. तळपत्र्याला रबरी बुचं असतात. पाण्यातून गाडी घातल्यावरच ओल येत असेल तर त्यातलं एखादं निसटलंय.

एक पाणी मात्र पावसाचं नसतं. ओल चिकट, गोडसर वासाची, हिरवट किंवा गुलाबी असेल आणि काचेवर हीटर लावल्यावर तेलकट थर धरत असेल, तर हीटरच्या जाळीतून कूलंट गळतोय. इंजिन थंड असताना बॉनेटखालच्या डब्यातली पातळी बघा. गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. पातळी उतरत असेल तर इंजिन तापून बसायच्या आत गाडी दाखवा.

पाइप लावून तपासणी

अजून कळलं नसेल तर दोन माणसं, बागेचा पाइप, टॉर्च आणि जुनी वर्तमानपत्रं घ्या. आतलं पाणी आधी पुसून काढा. संशयाच्या जागी पेपर अंथरा किंवा रबराच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर मारा. पाणी जिथून येईल तिथं पावडरीत ओघळ उठतो. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं पाणी सोडायचं, तेही खालून वर. आधी दाराचा तळ, मग काचेची कड, मग समोरची काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं. सुरुवातच छतावरून केली तर पाणी सगळीकडे उतरतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा इथं चालत नाही, चांगल्या रबरातूनही तो पाणी आत घालतो. डिकी तपासायची तर मागची सीट पाडून आत शिरावं, म्हणजे आतल्याला बाहेर पडायला वाट राहते.

गळती बंद झाली तरी काम संपत नाही. ओला स्पंज तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि खालचा पत्रा गंजायला लागतो. कार्पेटखालून वायरिंग जातं, काही गाड्यांत सीटखाली इलेक्ट्रॉनिक डबेही असतात. सेंट्रल लॉक आपोआप वाजणं किंवा एअरबॅगचा दिवा लागून राहणं यांचं मूळ कधीकधी या ओलीत निघतं. कार्पेटची कड उचलून खाली लाकडाचा ठोकळा द्यावा, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं शक्य तेवढं काढावं आणि दारं उघडी टाकून टेबलफॅन लावावा. ऊन पडेल त्या दिवशी गाडी उन्हात. सीट काढायची वेळ आली तर मेस्त्रीकडूनच काढून घ्या, कारण खाली एअरबॅगची पिवळी जोडणी असते. आणि पावसाळ्यात कपडे वाळवतात तशी निखाऱ्याची शेगडी बंद गाडीत किंवा बंद शेडमध्ये कधीही ठेवू नका. शेड बंद करून इंजिन चालू ठेवणंही तितकंच घातक. दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी सर्व्हिसला देताना, बेळगावात असो, कोल्हापुरात की फोंड्यात, 'पाणी येतंय' एवढंच सांगून सोडू नका. 'पाऊस नसताना, एसी लावल्यावर पंधरा मिनिटांनी, डावीकडे पुढं' असं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. वॉरंटीतली गाडी असेल तर पुढं तोच कागद कामाला येतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी भागात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून विकल्या जातात आणि एमएच ०९ ची गाडी केए २२ च्या गावात, नाहीतर उलट, असा व्यवहार आपल्याकडे रोजचा. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहिलेली असते. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि स्टेपनीचा खड्डा यांवरचा गंज, दिव्यांच्या आतली धूळ-पाण्याची खूण आणि आत अत्तराचा भडिमार, या गोष्टी एकत्र दिसल्या तर सावध व्हा. विकणाऱ्याकडून विम्याची जुनी कागदपत्रं आणि क्लेमची माहिती मागावी. ती द्यायला तो का-कू करत असेल तर पुढच्या महिन्यात दुसरी गाडी बघावी.

विम्याचंही एकदा बघून ठेवा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं पुराचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. त्यातही इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान बहुतेक वेळा इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलं असेल तरच मिळतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट मारली तर इंजिनही जातं आणि क्लेमही अडतो, तेव्हा ती ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी. आणि रबर जुनं होऊन किंवा ड्रेन तुंबून झालेली गळती देखभालीत मोडते, तिचे पैसे मालकाच्याच खिशातून जातात.